एम्युलेटरवरचा गेम एकाच कॉम्प्युटरवर का चालत नाही? दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

गेम तोच, एम्युलेटर तोच, पेन ड्राइव्हसुद्धा तोच. मोबाईलवर मस्त चालतो, जालन्यात शिकणाऱ्या भावाच्या लॅपटॉपवर चालतो, पण भोकरदनच्या घरातल्या कॉम्प्युटरवर लावला की काळी स्क्रीन, नाहीतर गोगलगायीचा वेग. मग कुणी म्हणतं ग्राफिक्स कार्ड टाक, कुणी म्हणतं रॅम वाढव, कुणी म्हणतं विंडोज फॉरमॅट मार.

तिन्ही सल्ल्यांत धोका आहे. पहिल्या दोघांत पैसे जातात. तिसऱ्यात त्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली बहिणीची महाडीबीटीची कागदपत्रं, स्कॅन केलेला सातबारा आणि लग्नाचे फोटो जाऊ शकतात. आणि इतकं करूनही गेम चालेलच असं नाही, कारण दोष कुठे आहे हेच अजून कुणी पाहिलेलं नसतं.

या लेखात आपण तो दोष शोधण्याची पद्धत पाहणार आहोत. यातल्या बहुतेक पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी समजून घेऊ: एम्युलेटर नेमकं काय करतो?

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. प्लेस्टेशन २ किंवा पीएसपी या कन्सोलमधला प्रोसेसर वेगळ्या भाषेतल्या सूचना समजतो. एम्युलेटर त्या सूचना चालता चालता तुमच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलतो. म्हणजे सतत शेजारी बसलेला दुभाषाच म्हणा ना.

म्हणूनच जुन्या कन्सोलचे आकडे पाहून फसू नका. सन २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा होता आणि मुख्य मेमरी फक्त ३२ एमबी. "माझा कॉम्प्युटर ३ गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे दहापट वेगवान" असं वाटतं. पण त्या कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट, वेगळी ग्राफिक्स चिप आणि आणखी एक छोटा प्रोसेसर असे अनेक भाग एकाच वेळी काम करायचे. ते सगळं एका वेळापत्रकात बसवून दाखवायचं म्हणजे दुभाष्याची दमछाक होते. पीएसपीचं सोंग त्या मानाने सोपं, त्यामुळे ते साध्या मोबाईलवरही जमतं.

आपल्याकडे जास्त वापरले जाणारे एम्युलेटर असे:

- पीपीएसएसपीपी: पीएसपीसाठी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिल्यांदा आला. अँड्रॉइड आणि विंडोज दोन्हींवर चालतो. याला बायोस लागत नाही.
- पीसीएसएक्स२: प्लेस्टेशन २ साठी. २००२ पासून आहे, आवृत्ती २.० जुलै २०२४ मध्ये आली. याला बायोस लागतोच.
- डकस्टेशन: पहिल्या प्लेस्टेशनसाठी. यालाही बायोस लागतो.
- डॉल्फिन: निन्टेन्डोच्या गेमक्यूब आणि वी साठी. बायोस नसला तरी चालतो.

हे चारही मोफत आहेत. पीपीएसएसपीपीची 'गोल्ड' ही विकत मिळणारी आवृत्ती आहे, पण तिच्यात गेम जास्त वेगाने चालत नाही. ती घेणं म्हणजे बनवणाऱ्याला मदत करणं, एवढंच. त्यामुळे "गोल्ड मॉड फ्री" नावाची एपीके कुठून तरी घेऊन मोबाईल धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एम्युलेटर वापरणं ही एक गोष्ट आणि गेम किंवा बायोस कुठूनही उतरवणं ही दुसरी. गेम आणि बायोस यांच्यावर कंपनीचा कॉपीराइट असतो. स्वतःकडच्या डिस्कवरून आणि स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली प्रत वापरणं हाच सरळ मार्ग. यात तांत्रिक फायदाही आहे: ती फाइल पूर्ण आहे की अर्धवट, हे तुम्हाला माहीत असतं. आणि लक्षात ठेवा, कन्सोलचा गेम कधीही विंडोजच्या डॉट ईएक्सई फाइलमध्ये नसतो. गेम म्हणून ईएक्सई मिळाली तर ती उघडू नका.

पायरी १: "चालत नाही" म्हणजे नक्की काय होतं ते लिहा

डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं "बरं नाही" म्हणून भागत नाही. इथेही तसंच. खालीलपैकी तुमचा प्रकार कोणता ते आधी ठरवा:

अ) एम्युलेटरच उघडत नाही, किंवा एरर देऊन बंद होतो.
आ) एम्युलेटर उघडतो, पण हा एकच गेम उघडत नाही.
इ) आवाज येतो, पण स्क्रीन काळी.
ई) गेम चालतो, पण हळू. आवाज तुटक येतो.
उ) चित्र फाटतं, रंग चुकतात, माणसं गायब होतात.
ऊ) सुरुवातीला छान चालतो, १५-२० मिनिटांनी रडतो.
ए) पूर्ण कॉम्प्युटरच बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो.

एररची खिडकी आली तर मोबाईलने फोटो काढून ठेवा. त्यातले शब्द पुढे कामाला येतात.

इथे एक सोपा नियम आहे. गेम दरवेळी त्याच जागी बंद पडत असेल, म्हणजे तीच मॅच, तोच दरवाजा, तोच व्हिडिओ, तर दोष बहुधा फाइलमध्ये, एम्युलेटरच्या आवृत्तीत किंवा सेटिंगमध्ये असतो. आणि दरवेळी वेगळ्या जागी बंद पडत असेल, तर उष्णता, रॅम किंवा वीजपुरवठा यांच्यावर संशय घ्या.

पायरी २: दोन्ही कॉम्प्युटरवर खरंच "तोच" गेम आहे का?

गेम दुसरीकडे चालतो हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे. चालणारं यंत्र आणि न चालणारं यंत्र शेजारी ठेवा आणि दोघांत फरक काय ते एकेक करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गेम चालला तरी कशामुळे चालला ते कळणार नाही.

पहिला संशय फाइलवर. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. दोन्हीकडे आकडा शेवटच्या बाइटपर्यंत सारखा हवा. पण साइज सारखी असूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. त्यासाठी चेकसम तपासा. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर सीआरसी-शा असा पर्याय दिसतो, त्यातून शा-२५६ निवडा. अक्षरं आणि अंक यांची एक लांब ओळ मिळेल. फाइलचा हा जणू अंगठ्याचा ठसा. दोन्ही कॉम्प्युटरवर ती ओळ सारखी आली तर फाइल तीच. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल वेगळी किंवा खराब.

पीसीएसएक्स२ आणि डॉल्फिनमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हेरिफाय' हा पर्याय असतो. तो तुमची प्रत मूळ डिस्कच्या नोंदीशी जुळते का ते सांगतो.

फाइल बिघडते कुठे? बहुतेक वेळा वाटेत, म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये.

- पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पीएसपीची डिस्क जास्तीत जास्त १.८ जीबीची, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी मात्र ४ जीबीच्या वर जाऊ शकते. उपाय: पेन ड्राइव्हमधला डेटा आधी दुसरीकडे ठेवा आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा.
- अगदी स्वस्तात मिळणारे "२ टीबी" वगैरे पेन ड्राइव्ह अनेकदा बनावट असतात. आत जागा थोडीच, पण विंडोजला खोटा आकडा दाखवतात. त्यात कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण खरी जागा संपल्यानंतरचा भाग नासलेला असतो. चेकसम जुळला नाही तर आधी पेन ड्राइव्ह बदलून बघा.
- झिप फाइल न उलगडता तिच्यातूनच गेम किंवा एम्युलेटर चालवू नका. आधी फोल्डरमध्ये पूर्ण काढा.

मोबाईल इथे तिसऱ्या साक्षीदाराचं काम करतो. न चालणाऱ्या कॉम्प्युटरमधलीच फाइल केबलने मोबाईलवर घ्या आणि तिथे चालवून बघा. मोबाईलवर चालली तर फाइल निर्दोष. आता पुन्हा पुन्हा गेम डाउनलोड करून डेटा संपवायची गरज नाही.

पायरी ३: एम्युलेटर आणि फोल्डर तपासा

दोन्हीकडे एम्युलेटरची आवृत्ती सारखी आहे का ते 'अबाउट' मध्ये बघा. नसेल तर अधिकृत वेबसाइटवरून तीच स्थिर आवृत्ती दोन्हीकडे घ्या.

मग विंडोज बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या क्रमाने गेलात की 'सिस्टीम टाइप' दिसेल. पीसीएसएक्स२ आणि डॉल्फिनच्या आताच्या आवृत्त्यांना ६४-बिट विंडोज १० किंवा त्यापुढचं विंडोज लागतं. विंडोज ७ वर किंवा ३२-बिट विंडोजवर त्या चालणारच नाहीत, मग सेटिंगमध्ये कितीही खटपट करा. सेकंड हँड कॉम्प्युटर घेताना दुकानदाराने प्रोसेसर ६४-बिटचा असूनही विंडोज ३२-बिट टाकलेलं असू शकतं. हे आधी बघून घ्या.

'व्हीसीरनटाइम' किंवा 'एमएसव्हीसीपी' ने सुरू होणारी एखादी डीएलएल फाइल सापडत नाही, अशी एरर आली तर घाबरू नका. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज नसल्याचं ते लक्षण आहे. ते मायक्रोसॉफ्टच्याच वेबसाइटवरून मोफत घ्या. ६४-बिट एम्युलेटरसाठी ६४-बिटचं पॅकेज हवं. ती एकच डीएलएल फाइल देणाऱ्या भलत्या साइट्स भरपूर आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथून व्हायरस येण्याची शक्यता असते, आणि एक डीएलएल टाकली की पुढची मागते.

फोल्डरचं नाव हा आपल्याकडचा खास मुद्दा. आपण हौसेने 'माझे गेम' असं मराठीत नाव देतो, किंवा विंडोजचं यूजरनेमच मराठीत असतं. नवीन एम्युलेटरना त्याचा त्रास सहसा होत नाही, पण काही जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी नावाच्या फोल्डरमधली फाइल उघडताच येत नाही. चाचणी म्हणून डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी अक्षरांच्या नावाचा फोल्डर करा, त्यात एम्युलेटर आणि गेम ठेवा. प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, कारण तिथे एम्युलेटरला सेव्ह फाइल लिहायची परवानगी मिळत नाही.

अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलून बाजूला ठेवली आहे का, तेही त्याच्या 'क्वारंटाइन' किंवा 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये बघा. अँटिव्हायरस कायमचा बंद करू नका.

पायरी ४: सेटिंग आणि सेव्ह स्टेट

भावाच्या लॅपटॉपवरून आख्खा फोल्डर कॉपी करून आणला की त्याच्या सेटिंगही सोबत येतात. त्याने रिझोल्यूशन चौपट ठेवलं असेल, चीट किंवा टेक्स्चर पॅक लावला असेल, तर ते सगळं तुमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या गळ्यात पडतं.

म्हणून एम्युलेटरची कोरी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, सगळ्या सेटिंग मूळच्या ठेवा, रेंडरिंग रिझोल्यूशन '१ एक्स' करा आणि गेम अगदी सुरुवातीपासून चालवा. जुना फोल्डर डिलीट करू नका. फक्त त्याचं नाव बदला, म्हणजे सेव्ह सुरक्षित राहतील.

सेव्हचेही दोन प्रकार असतात. गेमच्या आतल्या मेन्यूतून केलेला सेव्ह एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर सहसा नीट जातो. 'सेव्ह स्टेट' हा मात्र एम्युलेटरच्या त्या क्षणाचा गोठवलेला फोटो असतो. आवृत्ती बदलली की तो उघडेलच असं नाही, कधी कधी त्यामुळेच गेम बंद पडतो. ३० तास खेळलेला गेम फक्त सेव्ह स्टेटच्या भरवशावर ठेवू नका.

प्लेस्टेशन २ चा गेम काळ्या स्क्रीनवर थांबत असेल तर बायोस फाइलही दोन्हीकडे सारखीच आहे का, ते चेकसमने बघा.

पायरी ५: ग्राफिक्स ड्रायव्हर

एकाच कॉम्प्युटरवर गेम अडकतो, तेव्हा सगळ्यात आधी नजर टाकण्यासारखी जागा ही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स' समोरचा बाण दाबा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसायला हवं.

तिथे जर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं, तर चोर सापडला! म्हणजे विंडोज टाकलं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला. अशा वेळी ग्राफिक्स चिप नुसती बसून असते आणि चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरवर येतं. सोबतची लक्षणं: स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलत नाही, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, यूट्यूबचा व्हिडिओसुद्धा अडखळतो.

उपाय: विंडोज अपडेटमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' बघा. तिथे नसेल तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणारे प्रोग्रॅम टाळा.

ड्रायव्हर ठीक असेल तर बॅकएंड बघा. एम्युलेटर चित्र काढण्यासाठी व्हल्कन, ओपनजीएल किंवा डायरेक्ट३डी ११ यांपैकी एक मार्ग वापरतो. नव्या मोबाईलवर आणि लॅपटॉपवर व्हल्कन छान चालतं. पण इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०१२ च्या आसपासच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला विंडोजवर व्हल्कन मिळत नाही. तिथे डायरेक्ट३डी ११ किंवा ओपनजीएल निवडा. दुसऱ्या पिढीचं ग्राफिक्स आणखी मागे, ते डायरेक्ट३डी १०.१ पर्यंतच जातं. म्हणजे ऐकायला विचित्र वाटेल, पण तुमच्या खिशातला मोबाईल या बाबतीत टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा नवा असतो.

तुमच्या ग्राफिक्सची माहिती बघायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. 'डिस्प्ले' टॅबमध्ये चिपचं नाव आणि 'फीचर लेव्हल्स' दिसतील.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर एम्युलेटर चुकून कमी ताकदीच्या चिपवर चालत असेल. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे एम्युलेटर जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा.

पायरी ६: प्रोसेसर, उष्णता आणि वीज

एम्युलेटर हळू चालत असेल तर एफपीएसपेक्षा 'स्पीड' ची टक्केवारी बघा. कारण भारतात विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन २ च्या डिस्क पाल पद्धतीच्या असत. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजचा २००९ चा 'हनुमान: बॉय वॉरियर' त्यातलाच एक. पाल गेम सहसा सेकंदाला ५० फ्रेमवर चालतो, अमेरिकन आवृत्ती ६० वर. तुमच्याकडे ५० आणि मित्राकडे ६० दिसत असेल, पण दोन्हीकडे स्पीड १०० टक्के असेल, तर तुमचा कॉम्प्युटर हळू नाहीच. तुमची डिस्क वेगळी आहे.

स्पीड खरंच १०० च्या खाली असेल तर प्रोसेसर बघा. एम्युलेटरला आठ कोर असण्यापेक्षा एका कोरचा वेग जास्त असणं महत्त्वाचं. शिवाय प्रोसेसरला काही खास सूचना यायला लागतात. पीसीएसएक्स२ २.० ला किमान एसएसई ४.१ हवं, आणि एव्हीएक्स२ असेल तर उत्तम. इंटेल कोर मालिकेत एव्हीएक्स२ चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून आलं, पण त्याच काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ते नव्हतं. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये 'इन्स्ट्रक्शन्स' च्या ओळीत हे सगळं दिसतं.

गेम १५-२० मिनिटं चांगला चालून मग रडत असेल तर उष्णता. मे महिन्यात आपल्या भागात पारा चाळिशी पार करतो, त्यात पत्र्याची खोली असली तर विचारूच नका. कॉम्प्युटरचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. हवाच १२ अंशांनी जास्त गरम, तर प्रोसेसरही साधारण तितकाच जास्त तापतो. ठरावीक मर्यादा आली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. भावाच्या होस्टेलवर चालणारा तोच लॅपटॉप सुट्टीत घरी आणल्यावर हळू होतो, त्यामागे हे असू शकतं.

तपासायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा 'स्पीड' बघत गेम चालवा. सुरुवातीला ३ गिगाहर्ट्झ आणि अर्ध्या तासाने १ च्या आसपास दिसला, तर उत्तर मिळालं. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पंख्यावरची आणि जाळीवरची धूळ ब्रशने साफ करा. पाच-सात वर्षं जुना असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. वेग पहिल्यापासूनच कमी दिसत असेल तर लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर मोड बदला.

गेम बंद न पडता आख्खा कॉम्प्युटरच रीस्टार्ट होत असेल तर एम्युलेटरचा दोष जवळपास नाहीच. गेममुळे कॉम्प्युटर जास्त वीज ओढतो, तेव्हा दमलेला एसएमपीएस किंवा कमी-जास्त होणारा व्होल्टेज आपला रंग दाखवतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली, तर कॉम्प्युटर नीट बंद न होता अचानक थांबला किंवा रीस्टार्ट झाला एवढं नक्की. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावून फरक पडतो का बघा.

आणि बंद पडायची जागा दरवेळी वेगळी असेल तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रॅमची चाचणी घ्या.

एक उदाहरण: पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवलेला 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' तुम्ही पीएसपीच्या डिस्कवरून काढून घेतला आहे. मोबाईलवर चालतो, लॅपटॉपवर चालतो. घरचा सेकंड हँड डेस्कटॉप तिसऱ्या पिढीच्या आय३ चा. त्यावर गेम उघडतो, पण स्पीड फारच कमी. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड लागेल.

- चेकसम तिन्हीकडे सारखा. फाइल निर्दोष.
- पीपीएसएसपीपीची आवृत्ती सारखी, ६४-बिट विंडोज १०. इथेही दोष नाही.
- कोऱ्या सेटिंगनेही तितकाच हळू. सेटिंग निर्दोष.
- पहिल्या मिनिटापासून हळू आहे, म्हणजे उष्णता नाही.
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. सापडलं!

इंटेलचा ड्रायव्हर टाकला, बॅकएंड डायरेक्ट३डी ११ ठेवला आणि रीस्टार्ट केलं. पीएसपीच्या गेमला आय३ आणि त्याचं स्वतःचं ग्राफिक्स पुरतं. खर्च शून्य, फॉरमॅट नाही, बहिणीची कागदपत्रं जागच्या जागी. मात्र याच कॉम्प्युटरवर प्लेस्टेशन २ चा जड गेम अडला तर तिथे खरी मर्यादा प्रोसेसरची असू शकते आणि ती ड्रायव्हरने हटत नाही. दोष शोधायचा तो याच्यासाठी: कधी उपाय मिळतो, कधी "इथे उपाय नाही" हे खात्रीने कळतं. दोन्हीत पैसे वाचतात.

पैसे खर्च करायचे असतील तर

- एसएसडी: विंडोज आणि गेम लवकर उघडेल, पण खेळतानाचा वेग वाढणार नाही. तरी जुन्या कॉम्प्युटरसाठी खर्च कामाचा आहे, अभ्यासालाही उपयोगी.
- रॅम: ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावल्याने आतल्या ग्राफिक्सला मदत होते, कारण ते मुख्य रॅमच वापरतं. ८ जीबी आधीच असेल तर नुसती वाढवून फार फरक पडणार नाही.
- ग्राफिक्स कार्ड: रिझोल्यूशन '१ एक्स' करूनही स्पीड तितकाच राहत असेल तर अडचण प्रोसेसरची, कार्ड घेऊन उपयोग नाही. '१ एक्स' वर स्पीड वाढत असेल तरच कार्डाचा विचार करा. ऑफिसमधून आलेल्या बारक्या डेस्कटॉपमध्ये मोठं कार्ड बसत नाही आणि त्यांचा एसएमपीएसही लहान असतो. डबा उघडून मोजल्याशिवाय ऑर्डर करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: फॉरमॅट मारल्याने सुटेल का?
विंडोज ३२-बिट किंवा फारच जुनं असेल तर कदाचित. नाहीतर ड्रायव्हर पुन्हा राहून जाण्याचीच शक्यता जास्त. मारायचंच असेल तर आधी सगळी कागदपत्रं दोन जागी कॉपी करा, आणि त्या फाइल्स तिथे उघडतात का तेही बघा.

प्रश्न: गेम मोबाईलवर चालतो, मग कॉम्प्युटर खराब आहे का?
नाही. मोबाईलची ग्राफिक्स चिप नवी, ड्रायव्हर कंपनीनेच टाकलेला. कॉम्प्युटरमध्ये ही जबाबदारी आपल्यावर असते.

प्रश्न: सगळं तपासलं, तरी चालत नाही. आता?
मदत मागताना इतकं द्या: एम्युलेटरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम, गेमचं नाव आणि डिस्कचा प्रदेश, लक्षण, एररचा फोटो, आणि काय काय तपासून झालं. एम्युलेटरची लॉग फाइलही जोडा. "गेम चालत नाही, मदत करा" याला उत्तर मिळणं अवघड. वरची माहिती दिली तर जाणकार माणूस पटकन नेमकी जागा दाखवतो.

थोडक्यात क्रम असा: लक्षण, फाइल, एम्युलेटर, सेटिंग, ड्रायव्हर, उष्णता आणि वीज, आणि सगळ्यात शेवटी पाकीट. हीच पद्धत प्रिंटर, वाय-फाय किंवा ऑनलाइन फॉर्म एकाच कॉम्प्युटरवर अडला तरी वापरता येते. चालणारं शेजारी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक निकाल कागदावर लिहा.